चिखलीच्या चौकात आधीच चढलेला त्रिग्लाव

चिखली

मी त्रिग्लाव चढल्याची बातमी मला चिखलीच्या चौकात, मेथीची जुडी हातात घेऊन उभा असताना कळली. त्या वेळी मला घरून निघायलाच अजून आठ दिवस होते.

खांबाला भला मोठा फ्लेक्स बांधलेला. "युरोपातील सर्वोच्च शिखर सर केल्याबद्दल आमचे गुरुवर्य इंगळे सर यांचे हार्दिक हार्दिक अभिनंदन!" हार्दिक दोनदा. खाली शुभेच्छुकांची मुंडकी दोन रांगांत, निम्मी काळ्या चष्म्यातली. त्यांतल्या चौघांना मी भूगोलात नापास केलेलं आहे. मधोमध माझा फोटो, निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात झेंडूचा हार. हार घातलेला माणूस आणि त्याच्या मागे ढग, म्हणजे बघणाऱ्याला काय वाटावं? शेजारच्या एक बाई दुपारी घरी येऊन माझ्या बायकोला, शोभाला, दबक्या आवाजात विचारून गेल्या, "सर बरे हायेत ना?"

पण माझं डोकं फिरलं ते मागच्या डोंगरानं. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय हो! तो डोंगर जपानचा होता. ज्वालामुखीचा शंकू, उलट्या द्रोणासारखा, वर बर्फाची टोपी. त्रिग्लाव आहे चुनखडीचा. कोट्यवधी वर्षं समुद्राच्या तळाशी शिंपल्यांचा गाळ साचून झालेला खडक. कुठे गाळाचा खडक आणि कुठे ज्वालामुखी! आणि युरोपातलं सर्वोच्च शिखर तर तो मुळीच नाही. स्लोव्हेनिया नावाच्या एका छोट्या देशातलं सर्वोच्च आहे. अधोरेखित करा.

फ्लेक्स छापणारा गजानन हा माझाच विद्यार्थी. चौकातच त्याचं दुकान आहे. मेथीसकट आत शिरलो.

"हे काय लावलं बे, गजानन?"

"कसं वाटते, सर? मटेरियल भारीतलं टाकलं."

"अरे, मी अजून गेलोच नाही!"

"जासान ना? तिकीट तं निघालं."

"तिकीट निघालं म्हणजे डोंगर चढला होते का?"

"पुढच्या हप्त्यात गणपती हायेत, सर. एकदा मंडळाचे फ्लेक्स लागले का खांब मोकळा भेटत नाही. म्हणून म्हटलं, आपण आधीच लावून देऊ. तुमी काय अर्ध्यातून वापस येणारे माणूस हा का?" वर त्यानं हेही सांगितलं की गणपती उठल्यावर सत्कार ठरलाय. हॉल सांगून झाला, शाल आणून झाली.

हा गजानन सातवीत असताना मी त्याला तीन छड्या मारल्या होत्या. आज त्याची मला लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती. वर्गाची सहल पैनगंगेच्या उगमाला नेली होती आणि आल्यावर निबंध लिहायला सांगितला होता. गजाननानं सगळ्यांत सुंदर लिहिला. झुळझुळ पाणी, गार वारा, पाण्यात पाय सोडून बसलेली मुलं. भर उन्हाळा होता. उगमाला एक डबकं होतं आणि त्यात एक म्हैस. गजानन सहलीला आलाच नव्हता. "जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही," असं म्हणून मी त्याच्या हातावर तीन ओढल्या होत्या. आता त्याच गजाननानं मी न चढलेला डोंगर चौकात टांगला होता, आणि माझ्यापुढे दोनच रस्ते उरले होते. डोंगर चढायचा, नाही तर चिखली सोडायची.

ल्युब्लियाना

मलकापूरची गाडी, मुंबई, विमान, दुसरं विमान, यातलं काही सांगत नाही. बसून राहावं लागतं आणि पाय सुजतात, एवढंच त्याचं सार.

आमची मुलगी प्रज्ञा ल्युब्लियानात नोकरीला आहे. स्लोव्हेनियाची ही राजधानी आपल्या अकोल्याहूनही लहान असेल, आणि इतकी शांत की पहिल्या सकाळी शोभा म्हणाली, "काऊन बा, बंद हाय का आज?" रस्ता ओलांडायला उभे राहिलो तर गाडी आपणहून थांबली. मला वाटलं, बंद पडली. मी हातानं खूण केली, जा बाबा. आतल्या माणसानं हातानं खूण केली, तुम्ही जा. असं आमचं बराच वेळ चाललं. मागे चार गाड्या उभ्या राहिल्या, पण एकानंही हॉर्न वाजवला नाही. शेवटी शोभानं माझं मनगट धरून मला पलीकडे नेलं आणि चारही गाड्यांना वाकून नमस्कार केला.

या लोकांच्या झेंड्यावर त्रिग्लाव आहे. नावाचा अर्थ तीन डोक्यांचा. प्रत्येक स्लोव्हेन माणसानं आयुष्यात एकदा तरी तो चढावाच, नाही तर त्याला पक्का स्लोव्हेन धरत नाहीत. प्रज्ञा दोन वर्षांपूर्वीच चढली होती. तिनं आमच्यासाठी वाटाडी ठरवली होती, मोयत्सा नावाची. पन्नाशीची, काटक, उन्हानं रापलेली बाई. तिनं आमचे बूट उलटे करून तळ तपासले आणि इंग्रजीत काहीतरी सांगितलं. प्रज्ञा हसायला लागली.

"बाबा, पहिल्यांदा शिखरावर जाणाऱ्याला हे लोक दोरीनं फटके मारतात. रिवाजच आहे. मोयत्साचे तीन असतात."

"फटके? कायले?"

"अभिनंदन म्हणून."

"आपल्याकडे शाल देतात," मी म्हणालो. एकतीस वर्षं फटके देण्यात गेली होती, घ्यायची सवय नव्हती.

शोभा येणार होती ती फक्त पायथ्यापर्यंत, डबा घेऊन. असं निदान माझं म्हणणं होतं. तिचं काय म्हणणं आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

क्रमाचं खोरं

सकाळी क्रमा नावाच्या खोऱ्यातून चालायला लागलो. शोभानं आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली होती, प्रज्ञाची. वर कुडता आणि पाठीवर पिशवी. पिशवीत ज्वारीच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. "पायथ्याशीच थांबायचं हाय तं एवढं कायले घेतलं?" असं विचारलं, तर ती पिशवी सावरून पुढे चालायला लागली.

खोरं मात्र पाहण्यासारखं. तळ सपाट, दोन्ही बाजूंनी भिंतीसारखे उभे कडे. हे हिमनदीनं कोरलेलं आहे. नदी खोरं कोरते ते निमुळतं, हिमनदी कोरते ते ताटलीसारख्या तळाचं. हे चित्र मी फळ्यावर इतक्यांदा काढलंय की डोळे बांधून काढीन. आणि आता मी त्या चित्राच्या आत चालत होतो. मधेच उभा राहून दोन्हीकडचे कडे बघत राहिलो. शोभाला वाटलं, दम लागला. तिनं खडीसाखर दिली.

वाटेत जो भेटेल तो "दोबेर दान" म्हणतो, म्हणजे दिवस चांगला जावो. एक सत्तरीचे आजोबा तुरुतुरु खाली उतरत आले. ते माझ्याशी बरंच बोलले. प्रज्ञानं सांगितलं की ते मला 'तू' म्हणत होते.

"ओळख ना पाळख, अन् तू?"

"बाबा, इथे हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना तू म्हणतात. डॉक्टर असो, मंत्री असो. डोंगरावर अहोजाहो नाही."

शोभा म्हणाली, "आपल्या चिखलीत तं उंचीची अटच नाही. खालीच बे म्हणतात."

दुपारपर्यंत सगळं पांढरं, बोडकं झालं. झाड नाही आणि पाण्याचा थेंब नाही. खाली एवढं हिरवंगार, मग वरचं पाणी जातं कुठे? मी थांबलो आणि समजावून सांगितलं की चुनखडीला भेगा असतात, पाऊस पडला की पाणी सरळ आत मुरतं, डोंगराच्या पोटातून वाहतं आणि थेट खाली झरा होऊन निघतं. थांबायला मला कारण हवंच होतं.

"म्हणजे आमच्या दुसरबीडच्या बोअरसारखं," शोभा म्हणाली. दुसरबीड तिचं माहेर. "पाणी वावरात पडते अन् दुसऱ्याच्या बोअरले लागते."

यापेक्षा नेमकी व्याख्या मी वर्गात कधी दिली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पायथा कधीच मागे पडला होता आणि शोभा अजून बरोबरच होती. बरोबर कसली, पुढे होती.

क्रेदारित्सा

क्रेदारित्सा म्हणजे शिखराच्या खांद्यावरची जागा. अडीच हजार मीटरवर डोंगर चढणाऱ्यांसाठी मोठं विश्रामघर आहे. दारात बूट काढायचे आणि त्यांच्या सपाता घालायच्या. हे बघून शोभाला फार समाधान वाटलं. "हायेत बाप्पा, चांगल्या घरची माणसं हायेत." पण आत आंघोळीला पाणी नाही, हात धुवायलाही जपून. खडकात काही टिकत नाही, म्हणून पावसाचं आणि बर्फाचं साठवतात.

जेवायला योता आलं. आंबवलेली पत्ताकोबी, राजमा आणि बटाटा यांचं आंबट कालवण. शोभानं एक चमचा खाल्ला, विचार केला, आणि पिशवीतून ठेचा काढून त्यात कालवला. मोयत्सा बघत होती. तिनं वाटी पुढे केली. प्रज्ञा "नको, नको" म्हणेपर्यंत तिनं भाकरीच्या तुकड्यावर ठेच्याचा गोळाच्या गोळा घेऊन तोंडात टाकला. त्यानंतर ती काही वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग डोळे पुसले आणि पुन्हा वाटी पुढे केली. तिथून पुढे ती शोभाच्या शेजारून हलली नाही. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघी अखंड बोलत होत्या.

जेवण झाल्यावर मी मोयत्साला म्हटलं, मला हिमनदी दाखवा. नकाशावर होती, त्रिग्लावची हिमनदी, याच घराच्या खाली. ती मला कठड्याशी घेऊन गेली आणि बोट दाखवलं. खाली दगडगोट्यांत मळकट बर्फाचा एक तुकडा पडला होता, शोभाच्या भावाच्या वांग्याच्या वाफ्याएवढा असेल नसेल. मोयत्सा म्हणाली, ती लहान होती तेव्हा तिथे उन्हाळ्यातही घसरगुंडी खेळत. आता तिला नदी म्हणायलाही लाज वाटते.

मी एकतीस वर्षं निळ्या खडूनं हिमनदी काढली. खरी बघायला आलो तर ती संपत आली होती. मला फार वाईट वाटलं. मोयत्सानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ती मला काहीतरी म्हणाली, 'तू' म्हणून, असं प्रज्ञानं सांगितलं.

लहान त्रिग्लाव

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. हे मी मुद्दाम सांगतोय. ढग नव्हता, वारा नव्हता. पुढे जे झालं त्याचा हवामानाशी काहीएक संबंध नाही.

डोक्यावर शिरस्त्राण, कंबरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि आकडे. खडकात लोखंडी खुंट्या ठोकलेल्या आणि तारा ओढलेल्या. आकडा तारेला अडकवायचा आणि खुंटीवर पाय द्यायचा. शोभालाही पट्टा बांधलेला बघून मी विचारलं, "तू कुठे?"

"आली तं हावो. इथं बसून काय करू?"

पहिल्या पन्नास खुंट्या मी चढलो. मग त्रिग्लावचं दुसरं डोकं येतं, लहान त्रिग्लाव. तिथून मुख्य शिखरापर्यंत एक धार आहे, एका माणसाच्या रुंदीची. डाव्या हाताला काही नाही. उजव्या हाताला काही नाही. म्हणजे दोन्हीकडे स्लोव्हेनिया आहे, पण फार खाली. पलीकडे शिखर आणि त्यावरचा पत्र्याचा इवलासा बुरूज चकाकत होता. एकशे एकोणचाळीस मीटर उंची राहिली होती.

मी खाली बसलो. तारेला दोन्ही हातांनी मिठी मारली. मोयत्सा समजावू लागली, प्रज्ञा समजावू लागली. चौकातला फ्लेक्स, दोन हार्दिक, काळे चष्मे, सगळं डोळ्यांसमोर आलं. तरी उठवेना. मी घाबरलो होतो. दुसरा कोणताही शब्द शोधला तरी खरा शब्द तोच.

"तुमी बसा निवांत," शोभा म्हणाली. "मी पाहून येतो."

"शोभे, खाली पाहिलं का?"

"पाहिलं. विहिरीत उतरत नव्हतो का मी लहानपणी? मोटरीपाशी गाळ बसला का बाबा मलेच उतरवत. ह्या अशाच खुट्या. विहीरच हाय ही. वरून खाली नाही तं खालून वर."

आणि ती गेली. पुढे मोयत्सा, मागे शोभा. बासष्ट वर्षांची बाई, प्रज्ञाच्या पँटीत, टक टक आकडे अडकवत. तिचं लाल शिरस्त्राण लहान लहान होत गेलं. माझा जीव त्या लाल ठिपक्यात अडकला होता.

प्रज्ञा माझ्यापाशी बसून राहिली. मी तिला सांगायला लागलो, "बघ, हा जलविभाजक. या अंगाचं पाणी सोचा नदीत, तिथून एड्रियाटिक समुद्रात. त्या अंगाचं सावा नदीत, मग डॅन्यूब, मग काळा समुद्र. आपल्या बुलढाण्यासारखंच. नळगंगेचं पाणी पूर्णेतून तापीत आणि अरबी समुद्रात. पैनगंगेचं गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. एका वावरात पडलेला पाऊस..."

"बाबा, तुम्ही घाबरलात की जास्त शिकवता."

तेवढ्यात वरून टाळ्या ऐकू आल्या. बुरुजाशी चारपाच माणसं होती. शोभा ओणवी झाली होती आणि मोयत्सा तिला दोरीनं मारत होती. एक, दोन, तीन. मग दोघींनी एकमेकींना मिठी मारली. मला रडू आलं. अभिमानानं आलं आणि थोडं हेव्यानंही आलं, लपवत कशाला?

दोघी खाली आल्यावर मोयत्सानं त्या दोरीचा हातभर तुकडा कापून शोभाला दिला. खाली नेटवर्क आलं तसा गजाननाचा फोन आला. "सर, वरचा फोटो टाका ना, लोकं इचारून राह्यले."

प्रज्ञानं लहान त्रिग्लाववर माझा एक फोटो काढला होता. मागे शिखर अशा कोनात की बुरूज बरोबर माझ्या डोक्यावर उगवलेला. शोभानं बघितला. "पाठवून द्या. मी कोणाले सांगत नाही. माह्या फटक्यांचंबी सांगत नाही."

मी फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'त्रिग्लाववरून नमस्कार.' एकही शब्द खोटा नव्हता. त्यानंतर दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

पुन्हा चिखली

परत आलो तर चौकात नवा फ्लेक्स. जपानचा डोंगर गेला होता, आता माझाच फोटो, डोक्यावर बुरूज. हार्दिक आता तीनदा. शोभा खाली डाव्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांत.

सत्काराला हॉल भरला होता. गजाननानं सूत्रसंचालन केलं. "ज्यांनी आम्हाले जगाचे डोंगर दाखवले, ते आज स्वतः..." वगैरे. शाल माझ्या खांद्यावर आली, नारळ हातात आला, माईक तोंडापुढे आला. पहिल्या रांगेत शोभा बसली होती, नव्या साडीत. ती माझ्याकडे बघून मान हलवत होती. नका सांगू, नका सांगू.

"गजानन," मी माईकमध्येच म्हणालो, "पैनगंगेच्या उगमाला त्या वर्षी पाणी किती होतं?"

गजाननाची मान खाली गेली. "डबकं होतं, सर. अन् म्हैस."

"तू पाहिलं नव्हतं तरी लिहिलं. मी तुले तीन छड्या मारल्या. ते चुकलंच माझं. अन् आता मी एकशे एकोणचाळीस मीटर खाली बसून, चढल्याचा फोटो पाठवला." मग सगळं सांगितलं. स्वच्छ आभाळ, धार, तारेला मारलेली मिठी, विहीर, लाल शिरस्त्राण. शाल काढली आणि खाली उतरून शोभाच्या खांद्यावर घातली. ती पुटपुटली, "येडे झाले का तुमी, लोकं पाहून राह्यले." पण शाल तिनं नीट सारखी करून घेतली.

तिच्या पर्समध्ये मोयत्सानं दिलेली दोरी होती. ती मी मागून घेतली आणि गजाननाच्या हातात दिली. हात पुढे केला, तळवा वर.

"नाही, सर! काही बी काय!"

"मार. निबंधाचे हायेत."

मागून कोणीतरी ओरडलं, "मार बे, गज्या, असा चान्स भेटत नाही!" तो चष्मेवाल्यांपैकी होता, आवाजावरून ओळखला. हॉल हसला. गजाननानं एकदा माझ्याकडे बघितलं, मग शोभाकडे.

"काकू, किती मारायचे असतात?"

"तीन," शोभा म्हणाली. "मले तीन भेटले."

पहिला त्यानं असा मारला की माशीही उठली नसती. मी म्हटलं, "गजानन, मी तुले असा मारला होता का?" दुसरा बरोबर लागला. तळवा झणझणला, डोळ्यांत पाणी आलं. गजाननाच्याही आलं होतं. त्यानं तिसऱ्यासाठी हात उचलला, तेवढ्यात शोभा शालीसकट उठली आणि तिनं दोरी काढून घेतली.

"बस. तिसरा शिखरावर गेल्याशिवाय भेटत नाही. अन् तो मी मारीन."

चौकातला फ्लेक्स आता दुसरबीडला मेव्हण्याच्या सोयाबीनच्या ढिगावर आहे. दोरी आमच्या दारामागच्या खिळ्याला आहे. शोभा मला रोज सकाळी चिखलीबाहेरच्या एका विहिरीवर नेते, खुंट्यांवर पाय ठेवायला लावते आणि काठावर बसून वरून सांगते, "खाली पाहू नका, इंगळे सर. माह्याकडे पाहा."